बायोडाट्यात नसलेली वही

कोल्हापूर,
सोमवार, रात्र

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

काल तू गेल्यावर तुझा बायोडाटा पुन्हा काढून वाचला. दोन पानं, डावीकडं निळा पट्टा, त्यात फोटो, खाली ऑटोकॅड, एक्सेल, टीमवर्क आणि प्रत्येकापुढं पाचातल्या चार चांदण्या. टीमवर्कला चार चांदण्या कुणी दिल्या, हे विचारायचं राहूनच गेलं. तळाला 'वरील सर्व माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे' आणि तुझी सही.

त्या सहीमुळं मला झोप नाही. म्हणून लिहितोय.

तुझ्या प्रोजेक्टच्या सोलर गवत कापणी यंत्राच्या मोटरचे आरपीएम विचारले, तेव्हा तू खाली फरशीकडं बघितलंस. पातं कुठल्या पत्र्याचं विचारलं, तरी फरशीच. प्रोजेक्ट तयार मिळतात, चौघात वाटून पैसे भरले की मॉडेल घरपोच येतं, हे मला ठाऊक नाही असं समजू नकोस. गेली बावीस वर्षं मी शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत पोरांच्या मुलाखती घेतोय. शंभरातली निम्मी गवत कापणारी यंत्रं मीच बघितली असतील, आणि एकानंही अजून गवत कापलेलं नाही.

आणि मग उठता उठता तू पिशवीतून गुळाचा खडा काढलास. काकूनं विचारलं, यंदा जरा मऊ वाटतोय का गं? तेव्हा तू बोलायला लागलीस. खोडव्याचा, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेला ऊस होता, रस पातळ होता, गूळ करणाऱ्या गुळव्यानं काहिली, म्हणजे रसाची मोठी कढई, लवकर उतरवली. तो पाण्यात पाक टाकून गोळी वळते का बघतो, पण रात्रीच्या आधणाला, म्हणजे काहिलीच्या एका खेपेला, त्याचाही हात चुकतो. म्हणून तू थर्मामीटर आणलास, ११८ अंशांवर काहिली उतरवायला लावलीस आणि प्रत्येक आधणाची नोंद वहीत ठेवलीस. ६२ आधणं. पहिल्या ३० त ९ मऊ निघाली, पुढच्या ३२ त ३. हे सगळं तू चहा गार होईपर्यंत सांगत होतीस. फरशीकडं एकदाही बघितलं नाहीस.

मी विचारलं, हे बायोडाट्यात कुठाय? तर म्हणालीस, "काका, ते घरचं गुऱ्हाळ आहे. त्यात काय लिहायचं?"

अगं, त्यातच लिहायचं! ज्या ओळीवर तुला दहा मिनिटं बोलता येत नाही, ती ओळ कागदावर नको. आणि जिच्यावर बोलता येतं, ती आधी. माझ्याकडं याच्यापलीकडं सांगण्यासारखं दुसरं फारसं काही नाही, तेव्हा तेच तेच आलं तर वैतागू नकोस.

फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामात, आम्ही दुसरं काय करतो? भट्टीचं तापमान बघतो, साच्याच्या सँडमधला ओलावा बघतो, कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, का बिघडलं ते नोंदीवरून शोधतो. तू काहिलीवर तेच केलंस. फक्त कुणी त्याला प्रोसेस कंट्रोल म्हटलं नाही, म्हणून तुला ते काम वाटलं नाही. तुझ्या वडिलांनाही वाटलेलं नाही, पण तो मनुष्य शाळेपासून असाच आहे.

आता एक गोम. 'थर्मामीटरमुळं मऊ गूळ कमी झाला' असं ठोकून देऊ नकोस. मी समोर बसलो असतो तर लगेच विचारलं असतं की पहिली ३० आधणं कधीची? नोव्हेंबरची असतील तर तेव्हा ऊसच कच्चा होता. जानेवारीत उसात साखर भरते, गूळ आपोआप कडक येतो. मग श्रेय थर्मामीटरचं की थंडीचं? याचं उत्तर वहीत शोध. तारखा आहेत, ऊस कुणाच्या रानातला तेही तू लिहिलंयस. नाही सापडलं तर 'दोन्ही कारणं असू शकतात' म्हण. जी मुलगी असं म्हणते तिला मी दुसऱ्या दिवशी कामावर बोलावतो.

बाकीचं भराभर सांगतो. एक पान. निळा पट्टा आणि चांदण्या काढून टाक. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि दोन रकाने आले की कधीकधी मजकुराची भेळ करून टाकतं. आमच्याकडं सॉफ्टवेअर नाही, माझ्यासारखा कुणीतरी जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर उघडतो, त्याला ते बारीक अक्षर दिसत नाही. वडिलांचं नाव, जन्मतारीख, 'अविवाहित', वाचनाचा छंद, काही नको. ६.८ सीजीपीए लपवू नकोस, लपवलेला आकडा पहिल्यांदा विचारला जातो. फाइलला 'न्यू फायनल २' असं नाव देऊन पाठवू नकोस, स्वतःचं नाव दे.

पुण्याच्या त्या ६५ हजारांच्या डेटा ॲनालिटिक्सच्या कोर्सबद्दल विचारलंस. 'नोकरीची हमी' म्हणतात ना, मग कुठल्या कामाची, किती पगाराची, नाही मिळाली तर पैसे परत का, हे लेखी माग. तिथंच निम्म्यांची बोलती बंद होते. कोर्स वाईट असतो असं मी म्हणत नाही. पण आधी ती ६२ आधणं एक्सेलमध्ये भर, फुकट. त्यात कंटाळलीस तर ६५ हजार वाचले.

अप्रेंटिसशिपला मात्र नाक मुरडू नकोस. १९६१ च्या कायद्याखाली पदवीधरांना वर्षभराची मिळते, स्टायपेंड मिळतो, शेवटी सर्टिफिकेट. वर्षानंतर कायम करण्याचं बंधन कंपनीवर नाही, हे आधीच माहीत असू दे, म्हणजे नंतर रडारड नको. पण वर्षभरात तुझ्याकडं दहा मिनिटं बोलण्यासारख्या दहा ओळी होतील.

मी हे एवढं ताणून का सांगतोय? १९९३ ला मी पुण्याला मुलाखतीला गेलो तेव्हा माझ्याही कागदावर ऑटोकॅड होतं, कारण सगळ्यांच्या कागदावर होतं. साहेबांनी काही न बोलता कॉम्प्युटर माझ्याकडं वळवला. मला तो चालू कसा करायचा हेसुद्धा येत नव्हतं. संध्याकाळच्या एसटीनं परत आलो आणि उद्यमनगरात एका शेडमध्ये महिना १४०० वर लागलो.

त्यातून शिकलो असं म्हणायला आवडलं असतं. शिकलो नाही. पुढं एका फाउंड्रीत क्वालिटीला असताना एका लॉटचा हार्डनेस रिपोर्ट, म्हणजे कडकपणाच्या तपासणीचा कागद, माझ्यापुढं आला. ब्रिनेल, म्हणजे बॉल दाबून घेतलेलं माप, १९५, १९८, १९६. छान आकडे. त्या दिवशी मशीनचा बॉल एकाही कास्टिंगला टेकला नव्हता, हे मला ठाऊक होतं. गाडी गेटवर उभी होती. मी सही केली. पातळ कडा झटकन थंड होऊन त्यांना चिल धरली होती, बीड काचेसारखं कडक. गिऱ्हाइकाकडं ड्रिल मोडायला लागली आणि सगळा लॉट परत आला. रिपोर्ट टेबलावर ठेवला, तर खाली माझं नाव. ज्या पोरानं आकडे भरले होते त्याला काढलं. मला नाही काढलं. तो पोरगा नंतर कुठं गेला, मी कधी विचारलं नाही.

पुढं दुसऱ्या ठिकाणी तसाच कागद आला तेव्हा मी पेन खाली ठेवलं आणि नोकरी सोडली. वय ४६, मुलगी बारावीत. आठ महिने घरी होतो. काकू अजून म्हणते, "तुमच्या तत्त्वाची फी आम्ही भरली." तिचं चूक नाही. पण मी तरी काय करायला हवं होतं? तो पहिला कागद डोळ्यापुढून जात नव्हता. शिवाय नंतर मिळालीच ना नोकरी, जरा कमी पगाराची, पण मिळाली. मुलगीही शिकली. तेव्हा मी चुकलो असं मला वाटत नाही, आणि कुणी म्हटलं तर मी दहा मिनिटं नाही, तासभर बोलू शकतो.

त्या आठ महिन्यांत मीही बायोडाटा केला होता. नोकरी सोडण्याचं कारण या रकान्यात लिहिलं, 'वैयक्तिक'. प्रत्येकानं त्याच ओळीवर बोट ठेवलं आणि प्रत्येक वेळी मी फरशीकडं बघितलं. खोटं नव्हतं ते. पण बघितलं.

असो. गवताचं यंत्र खोड. चौघांतलं तू खरोखर काय केलंस ते आठव, सॉल्डरिंग केलं असशील तर तेवढंच लिही. आधी मराठीत लिही, जसं काकूला सांगितलंस तसं, इंग्रजीचं आपण रविवारी बघू. सकाळी ये, दुपारी मी झोपतो. येताना वही आण. मोबाईलवरचे फोटो नकोत, मूळ वही, काकवीचे डाग पडलेली.

तुझा,
काका

ता. क. मऊ गूळ पोळीला चांगला लागतो, काकू म्हणते. अजून एक गुळाचा रवा, म्हणजे ढेप, असेल तर आण, पैसे घेणार असशील तरच.