उजनीत गळाला लागलेल्या माशाचं डोकं आणि कानातले खडे यांचं पुढे काय करतात?

डोकं टाकू नका, एवढं आधी सांगतो. सोलापुरात कटल्याचं डोकं आवडीने खाणारे कमी नाहीत. कल्ले मात्र पूर्ण काढायचे, नाहीतर रस्सा कडवट होतो. मग काळा मसाला आणि शेंगदाण्याचं कूट घालून दाटसर कालवण करायचं, सोबत कडक भाकरी. उरलेलं काही धरणाच्या काठावर फेकू नये. तेच पाणी आपण पितो.

आता खडे. ते कवटीत मेंदूच्या खाली दोन्ही बाजूंना असतात, एकूण तीन जोड्या. माशाला तोल आणि आवाज त्यांच्यामुळे कळतो. चिलापीचा मोठा खडा चिमट्याने सहज निघतो. रोहू-कटल्याचे शोधायला चिकाटी लागते, कारण चिलापीत जो खडा मोठा असतो तोच यांच्यात सुईसारखा बारीक असतो. खड्यावर झाडाच्या खोडासारखी वलयं असतात आणि त्यांवरून वय काढतात. आपल्याकडे थंडी सौम्य, त्यामुळे वलयं थंड प्रदेशांतल्याइतकी ठळक दिसत नाहीत. खडे साध्या पाण्याने धुवा, वाळवा, कागदी पाकिटात ठेवा आणि वर तारीख, जागा, माशाची लांबी लिहा. व्हिनेगरमध्ये बुडवू नका, ते कॅल्शियम कार्बोनेटचे असल्याने विरघळतात. नोंद नसलेला खडा अभ्यासाला फारसा उपयोगी पडत नाही, म्हणून पाकिटावर लिहायचा कंटाळा करू नका.