वादळात डिश फिरली, आता उपग्रह कसा शोधायचा?

प्रश्न : मे महिन्याच्या वादळात गच्चीवरची डीडी फ्री डिश फिरली. बॉक्सवर स्ट्रेंग्थ ७० टक्के दिसते, क्वालिटी मात्र शून्य. मेकॅनिक म्हणतात, एलएनबी (डिशसमोरच्या दांडीवरचा, सिग्नल पकडणारा भाग) गेला, नवीन घ्या. सासूबाईंचं सह्याद्री बंद पडलं आहे. डिश घरच्या घरी लावता येईल का?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : येईल ताई, आणि एलएनबीची घाई तर मुळीच नको. स्ट्रेंग्थचा आकडा डिश रिकाम्या आभाळाकडे असली तरी दिसतो. त्यावरून एलएनबी आणि केबल बहुधा शाबूत आहेत, एवढंच कळतं. उपग्रह सापडला की नाही, हे क्वालिटी सांगते. तेव्हा तिच्यावरच नजर ठेवा.

आधी डिशच्या पाइपला ओळंबा लावा. वादळात तो कलला असेल, तर डिश बाजूला फिरवताना तिची उंचीही, म्हणजे आभाळाकडे वर बघण्याचा कोनही, बदलते आणि माणूस दिवसभर घोळत बसतो. पाइप सरळ करून घट्ट आवळा, मगच डिशला हात लावा.

फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. नागपूरहून तो होकायंत्रावर साधारण १४५ अंशांवर, म्हणजे आग्नेयेकडून थोडा दक्षिणेला, आणि क्षितिजापासून ६० अंश वर येतो. होकायंत्र कूलरच्या लोखंडी बॉडीजवळ धरू नका, सुई भलतीकडे जाते. शेजारची डिश बघून दिशा धरायची तर तीही फ्री डिशच हवी. टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे इथून जवळजवळ दक्षिणेला आहे.

डिशच्या मागच्या पट्टीवर ६० अंश लावा, नट हाताने सरकेल इतपतच ढिला ठेवा आणि कुणाला तरी टीव्हीपाशी बसवून फोन चालू ठेवा. आता डिश अगदी हळू फिरवा. ६० सेंटीमीटरच्या डिशची कड पाच मिलिमीटर सरकली की एक अंश झाला, आणि जवळपास ३६ हजार किलोमीटरवर तो एक अंश सहाशे किलोमीटरांहून मोठा पडतो! म्हणून केसभर सरकवा, थांबा, बॉक्सला आकडा दाखवायला दोन-तीन सेकंद द्या. घाईत फिरवणाऱ्याच्या हातून उपग्रह येतो आणि निसटतो, हे मी नेहमी बघतो. पूर्ण फेरी कोरी गेली, तर उंची एक अंशाने बदलून पुन्हा फिरवा.

चित्र आलं म्हणून थांबू नका. क्वालिटी आणखी वाढते का ते दोन्ही बाजूंना पाहा, कारण जुलैतल्या मुसळधार पावसात केयू बँडचा (डिश टीव्ही ज्या लहरींवर येतो त्या पट्ट्याचा) सिग्नल खूप पडतो आणि तेव्हा ही शिल्लकच कामी येते. नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. एकच पूर्ण आवळला तर डिश ओढली जाते.

एवढं करूनही शून्यच राहिलं, तर शेजाऱ्यांचा चालू एलएनबी मागून लावून बघा. नव्याचे पैसे त्यानंतर.