आधी बेरीज

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. वरच्या संघात निवड होत नाही, म्हणून बॅट माळ्यावर टाकून इतिहासात एम. ए. करायचं, आणि लगेच पुढच्या ओळीत, 'मी काही मोठा खेळाडू नाही, मग क्रिकेटचा इतिहास कोणत्या तोंडानं लिहू?' या दोन्ही वाक्यांनी मला अस्वस्थ केलं. खेळ आणि अभ्यास यांतलं एक सोडलंच पाहिजे, हे तुला सांगितलं कुणी?

इंग्लंडचा क्रिकेटपटू आणि क्रिकेटचा इतिहासकार हॅरी ऑल्थम बघ. जन्म १८८८. रेप्टनची शाळा, मग ऑक्सफर्ड. विद्यापीठाच्या संघात तो आला १९११ मध्ये. त्याच उन्हाळ्यात आपला फिरकी गोलंदाज बाळू पालवणकर इंग्लंडमध्ये शंभरावर बळी घेत होता. पुढे सरे काउंटीचा संघ, महायुद्धात डीएसओ आणि मिलिटरी क्रॉस ही लष्करी पदकं, मग हॅम्पशायर काउंटी. प्रथम श्रेणीत शतक एकच, १९२१ मध्ये कँटरबरीला केंटविरुद्ध १४१. नोकरी विंचेस्टर कॉलेजात मास्तरकीची, म्हणून काउंटीला तो मिळायचा सुट्टीतच. पुढे इंग्लंडचा कर्णधार झालेला डग्लस जार्डिन शाळकरी वयात त्याच्या हाताखाली शिकला. आणि हे सगळं सांभाळून त्यानं क्रिकेटचा इतिहास 'द क्रिकेटर' या नियतकालिकात हप्त्याहप्त्यानं लिहिला. १९२६ मध्ये त्याचं पुस्तक झालं. १९५९ मध्ये एमसीसीचा, म्हणजे क्रिकेटचे नियम करणाऱ्या लंडनच्या क्लबचा, अध्यक्ष झाला तोही हाच माणूस. १९६५ मध्ये तो गेला, तोही क्रिकेटवर भाषण दिल्यावर. यात त्यानं खेळ सोडला कुठे?

तेव्हा तोंड कोणतं, हा प्रश्न नाही. बेरीज करतोस का, हा प्रश्न आहे. सोबत पाठवलेल्या लेखात तू इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या १८८२ च्या ओव्हल कसोटीवर चार पानं भरलीस. ऑस्ट्रेलियाचा गोलंदाज स्पॉफर्थ याची मिशी आहे, थरार आहे, प्रेक्षकांचा श्वास रोखलेला आहे. धावफलक मात्र तू उतरवून घेतलास, तपासला नाहीस. मला याचा राग येतो.

आता वही घे. इंग्लंडचा दुसरा डाव. फलंदाजांच्या धावा मिळवल्या की ७३ येतात, अवांतर ४, एकूण ७७. मग गोलंदाजांनी दिलेल्या धावांकडून ये. स्पॉफर्थ ४४, बॉईल १९, गॅरेट १०; पुन्हा ७३. बळी स्पॉफर्थचे ७ आणि बॉईलचे ३, म्हणजे दहा. दोन्हीकडून जुळलं, म्हणजे हा फलक भरवशाचा. त्या अवांतर चारांत एक नोबॉल आहे. आज नोबॉल गोलंदाजाच्या खात्यावर चढतो, तेव्हा चढत नसे. तू आजचा नियम लावलास, तर एका धावेचा घोळ होईल आणि जुन्या स्कोअररला उगाच चुकीचा ठरवशील.

ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या डावात गोलंदाजांच्या नावावर आठच बळी सापडतात. घाबरू नकोस. मर्डॉक आणि जोन्स धावचीत आहेत, म्हणजे कुणा गोलंदाजाच्या खात्यावर नाहीत. ते दोन धरले की दहा.

आणखी एक. तू लिहिलंस, 'स्पॉफर्थनं २८ षटकं टाकली.' किती चेंडूंची? इंग्लंडमध्ये १८८८ पर्यंत षटक चार चेंडूंचं होतं, १८८९ पासून पाचाचं, १९०० पासून सहाचं. म्हणजे ११२ चेंडू, आजच्या हिशेबानं १८ षटकं आणि ४ चेंडू. त्याची १५ निर्धाव षटकंसुद्धा चार-चार चेंडूंची. आजच्या गोलंदाजाशी त्याची तुलना करणारं तुझं अख्खं तिसरं पान इथेच कोसळतं. अठराव्या शतकात गेलास, तर आणखी जपून. झेल घेणाऱ्याचंच नाव फलकावर असे, गोलंदाजाचं नसे. 'इतकेच बळी' असं लिहिलंस, तर त्या माणसाची निम्मी कमाई तू खाल्लीस.

हे कारकुनी काम आहे, असं मला बरेच जण म्हणत आले. मी ऐकलं नाही, आजही ऐकत नाही. ज्याच्या नावावर आपण धावा लिहितो, तो मेलेला आहे, तक्रार करायला येणार नाही. म्हणून त्याची एक धावसुद्धा आपण इकडची तिकडे करायची नाही. उमेदीच्या वर्षांत मी हे एवढं कडक पाळलं नाही, त्याची बोच आहे, म्हणूनच तुझ्या मानगुटीवर बसलोय.

रविवारी सामना असेल, तर खेळायला जा. आउट होऊन आलास, की स्कोअररच्या शेजारी बस आणि डाव संपेपर्यंत वही तू लिही. चौकार कुठे नोंदतात, लेगबाय कुठे, पंचाचा इशारा चुकला, तर रकाना कसा खोडतात, हे हातानं केल्याशिवाय जुन्या वहीतली खाडाखोड तुला वाचता येणार नाही. हे खेळाडूलाच सहज जमतं, आणि तू खेळाडू आहेस.

तो लेख परत लिही. मिशी राहू दे, छान उतरली आहे. चारही डावांच्या बेरजा समासात करून पाठव. ६३, १०१, १२२, ७७ हे आकडे जुळले, की मी पुढचं पान वाचेन.

तुझा,
काका