सेकंड हँड पेट्रोल गाडी, मॅन्युअल नाही: साधं पेट्रोल भरावं की प्रीमियम, आणि इथेनॉलचं काय?

तुमची गाडी २००९ची, मॅन्युअल हरवलेलं, आणि आधीचा मालक सांगतो की ‘मी कायम प्रीमियमच भरायचो’. मालकाचं म्हणणं बाजूला ठेवा आणि टाकीचं झाकण उघडा. झाकणाच्या आतल्या बाजूला बहुतेक गाड्यांवर स्टिकर असतो: अनलेडेड, सोबत ९१ किंवा ९५ असा ऑक्टेनचा आकडा, कधी ई५ किंवा ई१० (म्हणजे पेट्रोलमध्ये ५ किंवा १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल). स्टिकर उडाला असेल तर इंजिन कोडवरून कंपनीचं मॅन्युअल शोधा. नुसत्या मॉडेलच्या नावावर जाऊ नका. एकाच मॉडेलमध्ये साधं आणि टर्बो अशी दोन इंजिनं असू शकतात आणि दोघांची गरज वेगळी असते. गाडी अमेरिकन बाजारासाठी बनलेली असेल तर तिथलं माप वेगळं आहे. त्यांचं ८७ म्हणजे इतरत्र लिहितात ते साधारण ९१ आरओएन (ऑक्टेन मोजायचं इतरत्र चालणारं माप).

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाब आणि उष्णतेत पेट्रोल आपोआप भडकू नये, एवढीच क्षमता तो आकडा सांगतो. ९१ वर चालणाऱ्या इंजिनात ९८ भरलं तर इंजिनाला सहसा काहीच जास्त मिळत नाही, पैसे मात्र जातात. उलट बाजू गंभीर आहे. मॅन्युअलमध्ये ९५ ‘आवश्यक’ लिहिलं असेल आणि इंजिन टर्बो असेल तर खालचं पेट्रोल भरू नका. ‘शिफारस’ असं लिहिलं असेल तर नॉक (पेट्रोल आपोआप भडकल्याचा खडखडाट) ओळखणारा सेन्सर ठिणगीचं टायमिंग मागे घ्यायला लावून सांभाळून घेतो. खेच आणि मायलेज थोडं कमी होतं, नुकसान सहसा होत नाही.

जुन्या गाडीत एक गोष्ट वाढीव असते. पिस्टनच्या डोक्यावर आणि हेडमध्ये कार्बन साचतो, त्यामुळे कॉम्प्रेशन थोडं वाढतं आणि गरम ठिपके तयार होतात. म्हणून नवी असताना ९१ वर शांत चालणारी गाडी आता नॉक करू शकते. तपासायला इंजिन पूर्ण गरम करा, चढावर वरच्या गिअरमध्ये १५०० ते २००० आरपीएमवर अ‍ॅक्सिलरेटर दाबा. पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज आला आणि पाय उचलताच थांबला तर तो नॉक. आयडलिंगलाही येत राहतो तो टॅपेटचा किंवा दुसरा काही आवाज. पेट्रोल बदलून तो जाणार नाही. ९५ भरल्यावर नॉक गेला तरी तिथे थांबू नका: चुकीच्या हीट रेंजचे (म्हणजे उष्णता नीट बाहेर न सोडणारे) स्पार्क प्लग, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) किंवा जास्त तापणारं इंजिन हीही कारणं असतात. ऑक्टेन बूस्टरच्या बाटलीवर विसंबू नका. तिथे ‘१० पॉइंट’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ बहुतेक वेळा ऑक्टेनच्या आकड्यात फक्त एकची वाढ.

आता इथेनॉल, आणि तुमच्या गाडीला खरी काळजी इथेच घ्यायची आहे. युरोपात २०११ पासून बनलेल्या गाड्यांना ई१० चालतं, त्याआधीच्याही बऱ्याच गाड्यांना चालतं, पण सुरुवातीची काही डायरेक्ट इंजेक्शन इंजिनं (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणारी) त्याला अपवाद आहेत. तेव्हा तुमच्या इंजिन कोडची कंपनीची यादी बघाच. २००९च्या गाडीसाठी ई२० कंपनीने स्पष्ट लिहून दिलं असेल तरच भरा.

इथेनॉल जळायला हवा कमी लागते, म्हणून त्याच कामाला इंधन जास्त सोडावं लागतं. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ते फ्युएल ट्रिमने, म्हणजे ठरलेल्या इंधनात टक्क्यांनी कमी-जास्त करून, भरून काढतो. शुद्ध पेट्रोलवर बेतलेल्या गाडीत ई१० मुळे ट्रिम ४ टक्क्यांच्या आसपास, ई२० मुळे ८ ते ९ टक्के वर जातो. जुन्या गाडीत इनटेकच्या रबरातून हवा गळत असेल किंवा पंप थकला असेल तर ट्रिम आधीच १०-१२ वर असतो. वर इथेनॉल पडलं की मर्यादा संपते, चेक इंजिन लाइट लागतो आणि पी०१७१ (हवेच्या मानाने इंधन कमी) हा कोड येतो. मग सगळे पेट्रोलला दोष देतात. म्हणून ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) लावून गरम इंजिनावर लाँग टर्म ट्रिम, म्हणजे कायमचा बसलेला ट्रिम, आधीच बघून घ्या. ±५ टक्के असेल तर छान. १० च्या वर असेल तर आधी गळती शोधा.

रबरी होजही बघा. फिलर नेकचा पाइप आणि इंजिनाजवळची नळी दाबून पाहा: मऊ पडली, फुगली, चिरली किंवा सकाळी बॉनेट उघडताच पेट्रोलचा वास आला तर बदला. इंजेक्शन गाडीला एसएई ३०आर९ छापलेली होज घ्या. ३०आर७ ही कमी दाबाची, कार्बोरेटरच्या कामाची. जुन्या टाकीतला गाळ इथेनॉलने सुटतो, म्हणून पहिल्या एक-दोन टाक्यांनंतर, पेट्रोलचा फिल्टर टाकीच्या बाहेर असेल तर, नवा टाका.

गाडी रीमॅप केलेली असेल (ताकद वाढवायला ईसीयूची सेटिंग बदललेली असेल) तर स्टिकरचा आकडा लागू पडत नाही. ज्याने मॅप केला त्याने कोणत्या ऑक्टेनवर केला ते विचारा, कळत नसेल तर मिळेल ते सर्वांत वरचं ऑक्टेन भरा. आणि गाडी विकायला कित्येक महिने उभी असेल तर टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. त्याला वार्निशसारखा आंबट वास येतो, आणि त्यावर घेतलेली कोणतीही चाचणी खोटी ठरते.