फ्रेम चांगली घ्यावी की सुटे भाग?

प्रश्न: दोन वर्षे हायब्रिड सायकल चालवल्यावर आता रोड सायकल घेण्याचे ठरवले आहे. आठवड्याला साधारण १५० किलोमीटर होतात आणि त्यात चढ बराच असतो. शर्यतीत उतरण्याचा विचार मात्र नाही. एकाच किमतीच्या दोन सायकलींपाशी घोडे अडले आहे. पहिलीची फ्रेम कार्बनची आहे, पण गिअर दहा स्पीडचे टियाग्रा (शिमानो कंपनीची एक श्रेणी) आणि डिस्क ब्रेक केबलवर चालणारे आहेत. दुसरीची फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची, फोर्क (पुढचे चाक धरणारा दुहेरी दांडा) कार्बनचा, गिअर बारा स्पीडचे १०५ (त्याच कंपनीची वरची श्रेणी) आणि ब्रेक हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, आहेत. दोन्हींचे वजन नऊ किलोंच्या आसपास भरते. माझ्याबरोबर सायकल चालवणारे सगळे एकच सांगतात, की फ्रेम चांगली घ्या, बाकीचे भाग पुढे बदलता येतात. हे कितपत खरे मानावे?

उत्तर: तुमच्या मित्रांचा सल्ला जुना आहे आणि एके काळी तो बरोबरही होता. बहुतेक रोड सायकलींचे बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या आसाचे फ्रेममधले बेअरिंग) आट्यांचे, सीटपोस्ट (सीटचा दांडा) गोल आणि मागच्या चाकाची जागा १३० मिलिमीटरची असे, त्या काळी एका सायकलीचा भाग उतरवून दुसरीला बसवणे हे खरोखरच एका संध्याकाळचे काम होते. आता या सल्ल्यात दोन गोष्टी न बोलता गृहीत धरलेल्या असतात. पहिली म्हणजे भाग पुढे बदलणे परवडते, आणि दुसरी म्हणजे चांगली फ्रेम याचा अर्थ कार्बनची फ्रेम.

आधी पहिलीकडे पाहू. सायकल बनवणारी कंपनी ग्रुपसेट (गिअर आणि ब्रेकच्या भागांचा संच) हजारांनी खरेदी करते आणि आपण एकच घेतो, त्यामुळे तोच ग्रुपसेट सायकलीवर बसून आला तर जितक्याला पडतो त्याहून सुटा घेताना कितीतरी महाग पडतो. मी स्वतः हा धडा पैसे मोजून शिकलो आहे. ‘पुढे बदलू’ म्हणून दहा स्पीडची एक सायकल घेतली आणि वर्षभराने अकरा स्पीडच्या गिअरवर जायचे ठरवले. दोन्ही पिढ्यांत शिफ्टर (हँडलवरची गिअर बदलण्याची कळ) केबल किती ओढतो याचे प्रमाण निराळे असल्याने शिफ्टर आणि मागचे डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) एकत्रच बदलावे लागले, त्यांच्यामागून पुढचे डिरेलर, चेन आणि कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) आली. कॅसेट बसवायला गेल्यावर कळले की अकरा स्पीडसाठी फ्रीहब (चाकाच्या ज्या भागावर कॅसेट बसते तो) १.८५ मिलिमीटरने रुंद लागतो आणि माझ्या चाकाचा फ्रीहब जुना आहे. दोन मिलिमीटरसुद्धा नाहीत, पण तेवढ्यासाठी चाके बदलली. शेवटी मूळ सायकलीतले फ्रेम, फोर्क आणि सीटपोस्टचा क्लँप एवढेच उरले. काढलेले भाग बुटांच्या दोन खोक्यांत अजून पडून आहेत, आणि सगळा हिशेब केला तेव्हा सुरुवातीलाच वरचे मॉडेल घेतले असते तर ते स्वस्त पडले असते.

दुसरे गृहीतक कार्बनचे. या किमतीच्या पातळीवर कार्बनची फ्रेम चांगल्या अ‍ॅल्युमिनियम फ्रेमपेक्षा बहुधा पाव किलो, फार तर अर्धा किलो हलकी असते. त्यातला बराचसा फायदा जड चाके आणि जड कॅसेट खाऊन टाकतात, म्हणूनच तुमच्या दोन्ही सायकली काट्यावर सारख्या उतरल्या. फरक ३०० ग्रॅमचा धरला आणि स्वार, सायकल, पाण्याची बाटली असे सगळे मिळून वजन ८० किलो मानले, तर तासाभराच्या खड्या चढावर तेवढ्याच ताकदीने तेरा-चौदा सेकंद वाचतात. सायकलिंगची आंतरराष्ट्रीय संघटना यूसीआय हिने शर्यतीच्या सायकलीला ६.८ किलोंची किमान मर्यादा घातली आहे. म्हणजे तुमच्या सायकलीपासून व्यावसायिक स्पर्धकाच्या सायकलीपर्यंतचे सगळे अंतर २.२ किलोंचे, आणि त्याच चढावर ते दीड मिनिटाहून थोडेच अधिक भरते. शर्यतीत दीड मिनिट फार मोठे असते हे मान्य, पण तुम्ही शर्यतीत उतरणार नाही आहात.

कार्बन धक्के शोषून घेतो असेही तुम्हाला सांगितले गेले असेल. त्यात तथ्य आहे, पण रोड सायकलीची फ्रेम मुळातच त्रिकोणांची असल्याने उभ्या दिशेने ती फारशी दबत नाही. दबतो तो टायर, आणि त्याच्या खालोखाल वाकतो सीटपोस्ट. २५ मिलिमीटरच्या टायरऐवजी ३२ मिलिमीटरचा टायर कमी हवेवर चालवला तर हाताला आणि कमरेला जेवढा आराम मिळतो, तेवढा फ्रेमचा पदार्थ बदलून मिळत नाही. त्यामुळे कोणत्या फ्रेममध्ये किती रुंद टायर बसतो हे दुकानात आवर्जून विचारा. माझ्या लेखी हा प्रश्न कार्बन की अ‍ॅल्युमिनियम या प्रश्नाच्या वरचा आहे.

मग फ्रेमला महत्त्व नाही का? आहे, आणि सर्वांत जास्त आहे, पण ते तिच्या मापांना आणि आकाराला आहे. सीट, हँडल, स्टेम (हँडल फोर्कला जोडणारा तुकडा), चाके, गिअर हे सगळे बदलता येते. फ्रेमचे माप बदलता येत नाही. फ्रेमवर ५४ किंवा ५६ असा आकडा असतो त्यावर विसंबू नका, कारण दोन कंपन्यांचे ५४ सारखे नसतात. त्याऐवजी प्रत्येक मॉडेलच्या तक्त्यात दिलेले स्टॅक आणि रीच हे दोन आकडे पाहा. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून हेडट्यूबचे, म्हणजे फोर्कचा दांडा ज्या नळीतून जातो तिचे, वरचे टोक उभ्या रेषेत किती उंच आहे तो स्टॅक, आणि आडव्या रेषेत किती पुढे आहे तो रीच. शर्यतीसाठी आखलेल्या फ्रेमचा स्टॅक कमी असतो, लांब पल्ल्यासाठी आखलेलीचा दोन-तीन सेंटिमीटरने जास्त. हायब्रिडवर ताठ बसण्याची सवय असलेल्या माणसाला हे दोन-तीन सेंटिमीटर तिसऱ्या तासाला मानेत जाणवतात. फ्रेम लांब पडल्यामुळे आखूड स्टेम लावून, सीट पुढे सरकवून, हँडलखाली रिंगांचा मनोरा रचून कशीबशी चालवलेली महागडी कार्बन सायकल मी अनेकदा पाहिली आहे, आणि तिचा मालक बहुधा गुडघेदुखीविषयी बोलत असतो.

फ्रेमकडे पाहताना आणखी एक गोष्ट तपासा, ती म्हणजे तिला पुढे कोणते भाग लागणार आहेत. बॉटम ब्रॅकेट आट्यांचे असेल तर ते साध्या पान्याने निघते. दाबून बसवायचे असेल आणि फ्रेमचे भोक किंचित जरी वेडेवाकडे असेल तर पेडल मारताना करकर सुरू होते आणि ती शोधता शोधता जीव मेटाकुटीला येतो. सीटपोस्ट गोल २७.२ मिलिमीटरचा असेल तर तो कुठेही मिळतो, त्या एका मॉडेलपुरता घडवलेल्या आकाराचा असेल तर दहा वर्षांनी मिळेलच असे नाही. सर्व केबल आणि ब्रेकच्या नळ्या हेडसेटमधून (हँडल ज्यावर वळते त्या बेअरिंगच्या जागेतून) आत नेलेल्या असतील तर सायकल दिसते फार देखणी, पण वरचे बेअरिंग बदलायची वेळ आली की त्या नळ्या सोडवाव्या लागतात आणि ब्रेकमध्ये पुन्हा तेल भरावे लागते. ‘फ्रेम जन्मभर टिकते’ असे म्हणणाऱ्यांनी या जागा पाहिलेल्या नसतात.

आता भागांविषयी. टियाग्रा आणि १०५ यांच्या गिअर बदलण्यात फरक आहे, पण नीट जुळवलेला टियाग्रा कुणाची फेरी बिघडवत नाही. केवळ बारा हा आकडा दहापेक्षा मोठा आहे म्हणून मी तुम्हाला १०५ घ्या असे म्हटले नसते. तुमच्या बाबतीत तराजू झुकवतात ते ब्रेक. चढ आहे म्हणजे उतारही आहे. केबलच्या डिस्क ब्रेकमध्ये पॅड झिजत जातात तसा लिव्हर हँडलकडे जास्त जास्त येऊ लागतो आणि मधूनमधून स्वतः पिळून तो जुळवावा लागतो. हायड्रॉलिक ब्रेक ही झीज आपोआप भरून काढतो आणि लांब उतारावर, बोटे थकलेली असताना, एका बोटाच्या दाबाने सायकल थांबवतो. केबलच्या ब्रेकवरून पुढे हायड्रॉलिकवर जायचे तर शिफ्टरसुद्धा नवे घ्यावे लागतात, कारण लिव्हर त्यांच्यातच असतो.

तेव्हा दोन्ही फ्रेम मापाला सारख्याच बसत असतील तर दुसरी सायकल घ्या. पहिलीच अंगाला बसत असेल आणि दुसरी लांब पडत असेल, तर मात्र हा सारा युक्तिवाद बाजूला ठेवून पहिली घ्या आणि ब्रेकची केबल व तिचे आवरण चांगल्या प्रतीचे घालून घ्या.

पैसे देण्यापूर्वी एक करा. सायकलीजवळ उकिडवे बसून प्रत्येक भागावरचे नाव वाचा. जाहिरातीत मागचे डिरेलर दिसते म्हणून तेवढेच १०५ चे बसवायचे आणि क्रँक, चेन, कॅसेट, ब्रेकचे कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) हळूच खालच्या दर्जाचे लावायचे, हा प्रकार सर्रास चालतो. शिवाय या किमतीच्या जवळपास प्रत्येक सायकलीवर टायर हलके नव्हे तर स्वस्त असतात. टायर चांगले घेतले तर सपाट रस्त्यावरसुद्धा दहा-पंधरा वॅट वाचू शकतात, आणि टायर तसेही झिजणारच असतात. ‘पुढे बदलू’ हे वाक्य सर्वांत शोभते ते त्यांच्या बाबतीत.

प्रश्न: माझ्याकडे नऊ वर्षे जुनी स्टीलची रोड सायकल आहे. रिम ब्रेक, नऊ स्पीडचे सोरा (शिमानोचीच खालची श्रेणी) गिअर. फ्रेम अंगाला अगदी बेतल्यासारखी बसते, पण गिअर अडखळतात. नव्या बारा स्पीडचा १०५ ग्रुपसेट हिच्यावर चढवावा की सायकलच बदलावी?

उत्तर: दोन्ही नको, निदान आत्ताच नको. बारा स्पीडच्या १०५ चे शिफ्टर हायड्रॉलिक डिस्क ब्रेकसाठीच बनतात आणि तुमच्या फ्रेमवर डिस्क कॅलिपर बसवायची जागा नसणार, त्यामुळे तो मार्ग मुळातच बंद आहे. नऊ वर्षांच्या सायकलीचे गिअर अडखळण्याचे कारण बहुतेक वेळा ग्रुपसेटचा दर्जा नसतो. आवरणात गंजलेली केबल, ताणलेली चेन किंवा कधीतरी सायकल उजव्या बाजूला पडल्याने आत वळलेला हँगर (मागचे डिरेलर ज्याला अडकवतात तो कान), यांपैकी काहीतरी असते.

चेन घरीच मोजता येते. इंचाच्या खुणा असलेली पोलादी पट्टी घ्या, शून्याची खूण एका पिनेच्या मध्यावर धरा आणि बारा इंचांवर कोणती पिन येते ते पाहा. नवी चेन असेल तर पिन बरोबर बाराच्या खुणेवर येते. पिन एक सोळांश इंचाने पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली, आणि एक अष्टमांश इंचाने पुढे गेली असेल तर त्या चेनने कॅसेटचे दातही खाल्लेले असणार; अशा कॅसेटवर नवी चेन टाकली की जोर देताच ती दातांवरून उडते, तेव्हा दोन्ही एकदमच बदला. हँगर मात्र सायकल दुरुस्त करणाऱ्याकडून गेजवर तपासून घ्या. स्टीलच्या फ्रेमवर तो बहुधा फ्रेमचाच भाग असतो आणि जपून सरळ करता येतो. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमचा सुटा असतो आणि तो बदललेलाच बरा.

एवढे केल्यावरही ती अडखळली तर कळवा. अंगाला बेतल्यासारखी बसणारी फ्रेम हाती असलेला माणूस सायकल बदलायला निघाला की मला उगीचच वाईट वाटते.

प्रश्न: नव्या मध्यम सायकलीच्या किमतीत उंची कार्बन फ्रेमची वापरलेली सायकल मिळते आहे. घ्यावी का?

उत्तर: माप बसत असेल तर विचार करा, पण फ्रेमची हमी बहुतेक कंपन्या पहिल्याच मालकाला देतात हे धरून चाला. सौद्याआधी सीटपोस्ट बाहेर काढून पाहा. तो अडकलेला असेल तर सौदा तिथेच सोडा. फोर्क उतरवून त्याचा दांडा, विशेषतः स्टेम आवळला जातो तो भाग, उजेडात धरा. हँडल कार्बनचे असेल तर टेप सोडून त्याच्या खालीही पाहा. मालक याला तयार नसेल, तर फ्रेम कितीही उंची असली तरी नवी मध्यम सायकल घ्या.