फोर्कलिफ्टने भावाचा पाय चिरडला, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो चूक त्याचीच

ताई, तुम्ही लिहिलंय की भाऊ गोडाऊनमध्ये कॉन्ट्रॅक्टरकडून पिकिंगला, म्हणजे रॅकवरून माल काढायला होता, रिव्हर्स येणाऱ्या फोर्कलिफ्टचं चाक घोट्यावरून गेलं, आणि आता कंपनी म्हणते तो आमचा माणूसच नाही, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो चालायच्या जागेची पिवळी लाईन ओलांडली त्याने, तरी हॉस्पिटलचं बिल देतो पण 'फुल अँड फायनल'वर, म्हणजे यापुढे काही मागणार नाही अशा कागदावर, सही करा. सही अजिबात करायची नाही.

का ते सांगतो. नुकसानभरपाई ठरते ती कमावण्याची ताकद कायमची किती टक्के गेली यावर, आणि ते डॉक्टर सांगणार पाय बरा झाल्यावर, प्लास्टर पायात असताना कसलं फायनल? तसंही हक्क सोडून देणारा कागद कायद्यात टिकत नाही, पण सही झाली की वर्षभर त्यावरच भांडण चालतं.

लाईनचं म्हणाल तर इथे चूक कोणाची हा मुद्दाच नसतो, कामावर असताना कामामुळे इजा झाली एवढं पुरे. दारू पिऊन किंवा सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडून इजा झाली तर गोष्ट वेगळी, पण माल ज्या रॅकवर होता तिथे जायला लाईन ओलांडावी लागते हे काही जाणूनबुजून नाही. त्यात फोर्कलिफ्ट वळते मागच्या चाकांवर, म्हणजे शेपटी बाहेर फिरते, आणि रिव्हर्सचा हॉर्न बंद होता म्हणताय ते तर लेखी यायलाच हवं.

पहिलं बघा पगारातून ईएसआय, म्हणजे सरकारी कर्मचारी विम्याचे पैसे, कापत होते का. कापत असतील तर दावा ईएसआयकडेच, मालकाकडे वेगळी भरपाई मागता येत नाही, रजेच्या काळात सरासरी पगाराच्या 90 टक्के मिळतात. कॉन्ट्रॅक्टरने पैसे कापून भरलेच नसतील तरी हक्क बुडत नाही, वसुली त्याच्याकडून होते. ईएसआय नसेल तर भरपाईचा अर्ज, अपघात 21 नोव्हेंबर 2025 च्या आधीचा असेल तर 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली, त्या दिवशीचा किंवा नंतरचा असेल तर त्याची जागा घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेखाली, आणि दोन्हीत मुदत 2 वर्षं. काम कंपनीच्याच धंद्याचं होतं ना, मग कंपनीकडूनही मागता येतं, ती नंतर कॉन्ट्रॅक्टरकडून वसूल करू दे.

पण घाई वेगळ्याच गोष्टीची आहे, सीसीटीव्हीचं फुटेज काही दिवसांत पुसलं जातं. आजच दोघांना ईमेल टाका की अपघाताचं फुटेज, फोर्कलिफ्टचं मेंटेनन्स रजिस्टर आणि ड्रायव्हरच्या ट्रेनिंगचे कागद जपून ठेवा. गेटपास, हजेरी, पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट, शिफ्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. हॉस्पिटलच्या केसपेपरवर 'घरी पडला' असं तर लिहिलं नाही ना तेही बघा, कॉन्ट्रॅक्टरचा माणूस ॲडमिट करायला सोबत होता म्हणून विचारतोय.