गावाकडं आता अस्पृश्यता कोण पाळतंय? बेळगाव भागातून एक उत्तर

तुम्ही विचारलंय की हॉटेलात, बसमध्ये, ऑफिसात सगळे शेजारी बसतात, गावाकडंही आता अस्पृश्यता कोण पाळतंय, मग ही सारखी ओरड कशाला, आणि खरंच कुठं असेल तर आमच्यासारख्यांनी करायचं तरी काय. प्रश्न मनापासून विचारलाय असं वाटलं म्हणून सविस्तर लिहिते. मी निपाणी भागातली, बौद्ध घरातली, आणि सध्या हुक्केरीकडच्या एका गावात सरकारी मराठी शाळेत शिकवते. अस्पृश्यता आहे. रोज आहे. फक्त तुम्ही जिथं बघताय तिथून ती उठून दुसरीकडं जाऊन बसलीय.

चहाचंच घ्या, सगळे तिथूनच सुरू करतात. आजीच्या काळात हॉटेलच्या वळचणीला कान तुटलेली कपबशी ठेवलेली असायची, ती आपणच घ्यायची, चहा वरून ओतणार, पिऊन झाला की आपणच धुवून परत तिथं ठेवायची. आमच्या भागात हॉटेलात तरी हे आता दिसत नाही, खरं आहे. पण बंद कशानं झालं? माझं मत विचाराल तर मनं बदलली म्हणून थोडं आणि पेपर कप आले म्हणून जास्त. पटत नसेल तर शेतावर येऊन बघा. आमच्या गल्लीतल्या बायका ऊस लावणीला, सोयाबीनच्या काढणीला, तंबाखूच्या कामाला जातात. दहा-अकराला मालकीणबाई किटलीतून चहा आणतात, सोबत पेपर कपांची थप्पी, आणि त्याच बांधावर बसलेल्या त्यांच्या भावकीतल्या बाईला चहा स्टीलच्या पेल्यात. कुणी काही बोलत नाही, पेला कुणाचा आणि कप कुणाचा हे विचारावंच लागत नाही. पाणी मागितलं तर तांब्या हातात मिळत नाही, ओंजळ धरायची आणि वरून धार. माझी आई अजून कुणी न सांगता ओंजळ धरते, आणि मला ते बघवत नाही, पोटात कालवतं.

आता घर भाड्यानं घेण्याचं. बदली झाली तेव्हा तालुक्याच्या गावात रूम बघत होते. सरकारी नोकरी म्हटल्यावर चेहरे फुलायचे, शिक्षिका म्हटल्यावर तर आणखीनच, पाणी चोवीस तास येतं, गॅलरी हाय, वर पत्रा घातलाय, सगळं दाखवून व्हायचं आणि मग जिन्यातून उतरताना सहज विचारल्यासारखं, मराठी घर असलं तर “तुम्ही कुणापैकी ओ?” आणि कन्नड घर असलं तर “नीव यार पैकी री?” आडनाव सांगितलं की पुढचं ठरलेलंच, मालकांना विचारून सांगते, नाहीतर भाच्याला द्यायचं ठरलंय आमचं. भाचा काय आला नाही, कारण पाटी पुढच्या महिन्यातही तिथंच होती. शेवटी आमच्याच समाजातल्या एका रिटायर्ड क्लार्कच्या घरी रूम मिळाली. हुक्केरी, चिकोडी, खुद्द बेळगाव शहर, कुठंही जा, आमच्यातल्या नोकरदारांना विचारलंत तर बहुतेक जण हीच गोष्ट सांगतील.

इथं एक सांगावंसं वाटतं, कारण सीमाभागाबाहेरच्यांना ते कळत नाही. १९५६ ला भाषेवर राज्यं झाली आणि बेळगाव कन्नड राज्यात गेलं तेव्हापासून आमच्याकडं भाषेचा वाद आहे, पाटी कुठल्या भाषेत यावरून बसवर दगडं पडतात, १ नोव्हेंबरला अर्धं शहर राज्योत्सव (कर्नाटकचा स्थापना दिवस) करतं आणि अर्धं काळा दिन. पण दलित वस्तीशी कसं वागायचं यावर मराठी गाव आणि कन्नड गाव यांच्यात मला कधी फरक दिसला नाही. दोन्हीकडं वस्ती गावाच्या कडेला, दोन्हीकडं स्मशान वेगळं नाहीतर स्मशानाचा वादच, दोन्हीकडं ग्रामदेवीच्या यात्रेत पट्टी आमची चालते पण हातचं काही चालत नाही. मराठी अस्मितेच्या मोर्चात आमची पोरं पुढं चालतात, आमच्या आजोबांनीही लाठ्या खाल्ल्यात, तेव्हा मात्र कुणी “कुणापैकी” विचारत नाही.

यात्रेबद्दल जरा जास्त लिहिते कारण खरा प्रकार तिथं कळतो. आमच्या भागात महालक्ष्मीची यात्रा बऱ्याच वर्षांनी भरते, गाव वर्षभर तयारी करतं, घरं रंगतात, मुंबई-पुण्याची माणसं रजा काढून येतात, पै-पाहुणे, रथ, भंडारा, सगळं. माझ्या आजोळी घरटी पट्टी सगळ्यांना सारखी. हलगी वाजवायला आमची आणि मांगवाड्यातली माणसं लागतात, त्यांच्याशिवाय देवी हलत नाही, त्याला “तुमचा मान आहे” असं म्हणतात. पण यात्रा कमिटीत त्या मानाच्या घरातलं एकही नाव नसतं, ओटी भरायला आमच्या बायका उंबऱ्याच्या बाहेर, पुजारी हात लांब करून ताट घेणार, आणि पंगतीला एकतर सगळ्यात शेवटी नाहीतर शिधा घरी नेऊन शिजवा. मागच्या यात्रेला मामाच्या पोरांनी सांगितलं की पंगतीला बसू देत नसाल तर हलगी वाजणार नाही. भांडण झालं नाही, शिवीगाळ झाली नाही, कुणी हात उचलला नाही. दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीचा पट्टा तुटला, फक्त आमच्या दळणापुरता. न्हाव्याची मशीन बिघडली. डेअरीत आमच्या म्हशींच्या दुधाला फॅट लागेना. ज्या बांधावरून वस्तीतली माणसं पिढ्यान् पिढ्या शेताकडं जातात तिथं काटेरी झुडपं येऊन पडली. कामाला बोलावणं बंद, आणि ऊसतोडीच्या टोळीत नावं घ्यायची नाहीत असं मुकादमाला कुणी सांगितलं ते कुणालाच माहीत नाही. बहिष्कार टाकला असं गावात एकही माणूस कबूल करणार नाही, प्रत्येकजण म्हणतो माझं काय नाही ओ, पण गावाच्या बाहेर कसं जायचं. हे जवळजवळ महिनाभर चाललं, मग आजोबांनी जाऊन पाया पडून मिटवलं, आणि मामाची पोरं त्यानंतर पुण्याला गेली ती गेलीच.

असल्या गोष्टी पुढं कुठपर्यंत जातात त्याचं उदाहरण आमच्याच कर्नाटकात आहे. कोप्पळ जिल्ह्यात गंगावती तालुक्यातल्या मरकुंबी गावात न्हाव्याच्या दुकानात आणि हॉटेलात दलितांना येऊ देत नाहीत यावरून ताण होता, ऑगस्ट २०१४ मध्ये वस्तीतली घरं पेटवली. निकाल यायला ऑक्टोबर २०२४ उजाडलं, कोप्पळच्या कोर्टानं ९८ जणांना जन्मठेप दिली, पुढं बहुतेकांना हायकोर्टातून जामीनही मिळाला. त्याच जिल्ह्यात मियापूरला २०२१ साली एक दलित लेकरू, वाढदिवस म्हणून बाप देवळापाशी घेऊन गेलेला, खेळत खेळत मारुतीच्या देवळात शिरलं तर शुद्धीकरणासाठी बापाकडं २५,००० रुपये मागितले. हे काही आजोबांच्या काळातलं नाही.

आकडे हवे असतील तर २०११-१२ च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात (ते ४२ हजार घरांत केलं होतं) २७ टक्के घरांनी आम्ही कुठल्या ना कुठल्या रूपात अस्पृश्यता पाळतो असं स्वतःच कबूल केलं. सर्वे करायला आलेल्या परक्या माणसासमोर एवढे जण होय म्हणाले, तर न सांगणारे किती असतील तुम्हीच विचार करा. आणि २०२२ मध्ये अनुसूचित जातींवरच्या अत्याचाराचे ५७,५८२ गुन्हे देशात नोंद झाले. यात पेपर कप नाही, भाच्याला दिलेली रूम नाही, तुटलेला गिरणीचा पट्टा नाही.

शाळेतलं सांगितल्याशिवाय राहवत नाही. मधल्या सुट्टीचं जेवण शाळेतच शिजतं, अक्षर दासोह म्हणतात त्याला. मी आधी ज्या शाळेत होते तिथं स्वयंपाकाला आमच्या समाजातल्या एका ताईंची नेमणूक झाली, विधवा, हाताला चव अशी की आम्ही शिक्षकही तिथंच जेवायचो. पहिल्या आठवड्यात तीन-चार पोरं डबा घेऊन यायला लागली. सोमवार आहे बाई, उपास आहे. मग मंगळवारीही, मग रोजच. तिसरीतल्या एका पोरीला मी जवळ घेऊन विचारलं, तर म्हणाली, “आजी म्हणली तितलं खायाचं न्हाई, केळं घेतलं तर चालतंय.” केळं चालतं कारण त्याला साल असतं, सांबार-भात चालत नाही. आठ वर्षांच्या लेकराला हा हिशोब कुणीतरी घरात बसवून नीट शिकवलाय, पाढे शिकवतात तसा. मी हेडमास्तरांना सांगितलं, ते म्हणाले बाई प्रकरण वाढवू नका, एसडीएमसीची (शाळेच्या कमिटीची) माणसं दुखावतील, बिल्डिंगचं काम अडेल. मी वाढवलं. पालकांच्या मीटिंगला त्या ताईंना व्यासपीठावर बसवून बोलले, त्यांच्या हातचं सगळ्यांसमोर जेवले, गावातल्या एका लिंगायत कुटुंबातले रिटायर्ड मास्तर उठून आले आणि त्यांनी ताट घेतलं, तेव्हा कुठं दोन घरं नरमली. उरलेल्यांनी पोरं इंग्लिश मीडियमला घातली. जून २०२५ मध्ये चामराजनगर जिल्ह्यातल्या एका गावात दलित बाई स्वयंपाकाला आल्यावर पालकांनी दाखले काढल्याची बातमी तुम्ही वाचली असेल, मला ती वाचून जराही आश्चर्य वाटलं नाही.

आणि ही कुठली भूमी आहे बघा. डिसेंबर १९२४ ला बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन झालं, गांधीजी अध्यक्ष झाले ते एकमेव अधिवेशन, त्या भाषणात त्यांनी अस्पृश्यता ही स्वराज्याच्या वाटेतली अडचण म्हणून सांगितली. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, एप्रिल १९२५ ला, आमच्या निपाणीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची परिषद झाली. त्याच्या आधी मार्च १९२० ला कोल्हापूरकडच्या माणगावची अस्पृश्यांची परिषद, तीही आमच्यापासून काही फार लांब नाही, आणि कोल्हापुरात गंगाराम कांबळे या दलित माणसाला शाहू महाराजांनी हॉटेल काढून दिलं आणि स्वतः तिथं चहा घेतला, तो राजा होता. बसवण्णांच्या कल्याणात (म्हणजे आताच्या बसवकल्याणात) हरळय्या चांभाराच्या घरी मधुवरस ब्राह्मणाच्या मुलीची सोयरीक झाली त्याला साडेआठशे वर्षं झाली. दरवर्षी बसवजयंती धूमधडाक्यात होते, पंढरीच्या वारीला खानापूर-बेळगावच्या दिंड्या जातात, चोखोबाच्या पायरीला डोकं टेकवून येतात, आणि गावी आल्यावर काल्याच्या पंगतीला पुन्हा तेच.

एक गोष्ट आमच्या माणसांसाठीही लिहिते, राग आला तरी चालेल. आमच्याच गल्लीत अशी घरं आहेत जी मांगवाड्यात पाणी पीत नाहीत, समगार (इकडचे चांभार) सोयरीक करत नाहीत, ढोर वेगळे. वरच्यानं आपल्याला जे केलं तेच आपण खाली ढकलायचं हे बाबासाहेबांचा फोटो भिंतीला लावून चालणार नाही.

आरक्षणामुळे जात टिकली असं तुमच्या प्रश्नाखाली कुणीतरी लिहिलंय. त्या आजीनं नातीला केळ्याचा नियम शिकवला तो आरक्षण वाचून नाही, एवढंच म्हणते.

आता काय करायचं. कायदा कडक आहे. घटनेचं अस्पृश्यता बंद करणारं कलम १७ आहे, १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे आणि २०१५ च्या दुरुस्तीनं त्यात स्मशान, पाणवठा, देऊळ, दुकान, लग्नाची वरात आणि सामाजिक-आर्थिक बहिष्कार सगळं स्पष्ट लिहिलंय. गुन्हा नोंदवायला आधी चौकशीची अट नाही, तपास डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा, ६० दिवसांत चार्जशीट. कर्नाटकात तर नागरी हक्क अंमलबजावणीचं वेगळं पोलीस खातंच आहे. पण स्टेशनला गेलं की आधी तडजोडीचा सल्ला मिळतो, मग त्याच रात्री उलट तक्रार दाखल होते, आणि ज्यानं तक्रार दिली त्याला सकाळी उठून त्याच माणसाच्या उसात कामाला जायचं असतं. केस उभी राहते ती साक्षीवर, आणि साक्षीला आमच्याच चार माणसांची नावं असतात, कारण बघणारा बाकीचा गाव मी तिथं नव्हतोच म्हणतो. म्हणून तुमच्यासारख्यांचं काम तिथं आहे. तुमच्या गावच्या यात्रा कमिटीत वस्तीतलं नाव आहे का ते विचारा, मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर. तुमचं घर भाड्यानं द्यायचं असेल तर आडनाव ऐकायच्या आधी चावी द्या. शेतावर पेले सगळ्यांना सारखे ठेवा. आणि तुमच्या डोळ्यांसमोर काही घडलं तर साक्षीदार म्हणून स्वतःचं नाव लिहून द्या, समन्स आलं की तारखेला कोर्टात या, आणि दोन-तीन तारखा पुढं ढकलल्या तरी परत या.